दोन दस्तके

अठराव्या शतकाच्या पहिल्या चरणात सुरतेच्या बंदरातून माल भरून मलबाराकडे निघालेल्या सावकारी तारवाचा नाखवा आपल्या पेटीत किती सरकारांचे कागद बाळगून असे, याचा विचार केला म्हणजे एकाच प्रवाशाने दोन राज्यांची प्रवासपत्रे जवळ ठेवण्याची रीत आपण समजतो तितकी अर्वाचीन नाही, हे ध्यानात येते. दमणपासून गोव्यापर्यंत फिरंग्यांची, म्हणजे पोर्तुगीजांची, ठाणी असल्यामुळे त्यांचा परवाना हवा. मुंबईसमोरून जावयाचे तर इंग्रज कंपनीचा पास हवा. आणि कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग या जलदुर्गांच्या आश्रयाने ज्यांची गुराबे व गलबते समुद्रावर पाळत ठेवून असत त्या आंग्र्यांचे दस्तकही हवेच हवे. यांपैकी एक कागद घेतला म्हणून दुसऱ्या सरकारशी द्रोह केला, असे त्या नाखव्याला कधी वाटले नसावे. पाण्यावर हक्क सांगणारे धनी अनेक होते, वाट मात्र एकच होती, आणि त्या वाटेवर एका धन्याचा कागद शेवटपर्यंत पुरत नव्हता, एवढाच त्याचा अर्थ होता.

आज दोन देशांचे नागरिकत्व असलेला मनुष्य दोन पासपोर्ट घेऊन प्रवासाला निघतो, तेव्हा त्याची वहिवाट तत्त्वतः याहून फारशी निराळी नसते. ज्या देशाचा तो नागरिक आहे त्या देशात शिरताना आणि तेथून निघताना त्याने त्याच देशाचा पासपोर्ट दाखवावा, असा बहुतेक ठिकाणचा दंडक असून अमेरिकेसारख्या देशाने तर तो कायद्यातच घालून ठेवला आहे. तिसऱ्या देशात ज्याने वाट सुलभ होईल तो पासपोर्ट पुढे करावा. विमानकंपनीच्या खिडकीवर ज्या देशात उतरावयाचे त्याला चालेल तो द्यावा. आणि दोन्ही पुस्तिकांतील नाव, जन्मतारीख व जन्मस्थान अक्षरशः जुळत आहे की नाही, हे घर सोडण्यापूर्वीच पाहून घ्यावे. ही झाली व्यवहाराची बाजू. परंतु आपल्या देशाने हा व्यवहार स्वतःच्या नागरिकाला निषिद्ध ठरविला आहे, आणि तो निषेध ज्या प्रदेशाच्या माथी सर्वांत तीव्रतेने आला तो प्रदेश आपल्या अगदी शेजारचा, आपल्या भाषेच्या व नात्याच्या परिघातला गोमंतक आहे. म्हणून त्या प्रदेशाच्या अंगाने हा इतिहास पाहणे मला अगत्याचे वाटते.

प्रवाशाला सरकारी मुद्रा देण्याची कल्पना भारतात फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मुद्राध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी सांगितला असून एक माषक घेऊन त्याने मुद्रा द्यावी, मुद्रा असलेल्यानेच जनपदात प्रवेश करावा वा जनपदातून बाहेर पडावे, आणि मुद्रेवाचून आढळलेल्या देशवासीयाला बारा पण दंड करावा, असा नियम घातला आहे. रानावनाच्या वाटेवर त्या मुद्रा तपासण्याचे काम विवीताध्यक्षाकडे दिले आहे. पुढे मुसलमानी अंमलात राहदारीचे परवाने आले, जकातीच्या चौक्या आल्या, आणि मराठी दप्तरात तर दस्तकाचा शब्द पानोपानी येतो. मात्र या सर्व कागदांत एक गोष्ट समान होती. ते प्रवाशाची वाट मोकळी करीत. तो जन्माने कोणाचा, अंतःकरणाने कोणाचा, हे सांगण्याचा त्यांचा हेतू नव्हता.

या जुन्या व्यवस्थेला समुद्रावर उग्र रूप दिले ते पोर्तुगीजांनी. १५०२ च्या सुमारास मलबारच्या किनाऱ्यावर त्यांनी ‘कार्ताझ’ नावाचा परवाना देण्यास आरंभ केला आणि पाहता पाहता अरबी समुद्रात त्यांच्या परवान्यावाचून फिरणारे कोणतेही जहाज पकडण्यायोग्य ठरविले. त्या कागदावर जहाजाचे नाव, वजन, नाखव्याचे नाव, जहाजावरील शस्त्रे, निघण्याचे व पोहोचण्याचे बंदर यांची नोंद असे. मिरी व शस्त्रास्त्रे यांसारखा माल नेण्याची मनाई असे. आणि परवान्याची फी जरी अल्प असली तरी फिरंग्यांच्या ठाण्यावर थांबून जकात भरण्याची अट ही त्यातील खरी मेख होती. ज्या समुद्रावरून शतकानुशतके गुजराथी, अरब, कोकणी व मलबारी व्यापारी कोणाचीही परवानगी न मागता फिरत आले होते, त्यावर एका दूरदेशीच्या राजाने स्वामित्व सांगावे आणि केवळ तोफांच्या बळावर ते मान्य करवून घ्यावे, ही घटना आपल्या किनाऱ्याच्या इतिहासात नवी होती.

तिचा उपसर्ग केवळ सावकारांनाच झाला नाही. अकबराची आत्या गुलबदन बेगम राजघराण्यातील स्त्रियांसह हजच्या यात्रेस निघाली, तेव्हा खुद्द बादशहाच्या कुटुंबाला सुरतेत फिरंग्यांच्या परवान्यासाठी दीर्घकाळ तिष्ठत राहावे लागले. त्याच काळातील इतिहासकार बदाऊनी सांगतो की, त्या परवान्यावर मेरी व येशू यांच्या प्रतिमा असल्यामुळे तो कागद जवळ बाळगून यात्रेस जाणे धर्माला संमत आहे काय, असा प्रश्न उलेमांपुढे उभा राहिला होता, आणि भूमार्गही सुरक्षित नसल्यामुळे अशा स्थितीत हजचे कर्तव्य लागू होत नाही, असे मत काहींनी दिले होते. परक्या सत्तेचा कागद बाळगल्याने माणसाची निष्ठा मलिन होते काय, हा आजच्या न्यायालयांपुढे येणारा प्रश्न त्या धर्मचर्चेत प्रथम उमटलेला दिसतो, आणि मला तो फार अर्थपूर्ण वाटतो. कारण त्या यात्रेकरूंची श्रद्धा मक्केवर होती, लिस्बनवर नव्हती, तरीही त्यांच्या हातातला कागद लिस्बनचा होता.

सतराव्या शतकात डच व इंग्रज आले, फिरंग्यांचे बळ ओसरले, आणि प्रत्येक सत्ता आपापले पास देऊ लागली. छत्रपती शिवाजी महाराजांनी आरमार उभारून किनाऱ्यावर मराठ्यांचे स्वामित्व प्रस्थापित केले, तेव्हा या स्पर्धेत प्रथमच एतद्देशीय सत्तेचा शब्द उमटला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग मानून, कौल घेतलेल्या सावकारांच्या तारवांस आरमारकऱ्यांनी उपद्रव देऊ नये, उलट त्यांचे रक्षण करावे, असा उपदेश केलेला आहे. कान्होजी आंग्र्यांनी हेच तत्त्व अमलात आणून दस्तकाचा आग्रह धरला. इंग्रजांच्या दप्तराने त्यांना चाचा ठरविले, आणि दुर्दैवाने कित्येक वर्षे आपल्याच पाठ्यपुस्तकांतून ती भाषा झिरपत राहिली. परंतु फिरंग्यांनी परवाना मागितला तर ते राज्य आणि सरखेल कान्होजींनी दस्तक मागितले तर ती लूट, हा न्याय मला कधीच पटलेला नाही.

आंग्रे व मुंबईकर इंग्रज यांच्यातील भांडणाचे मर्म तर आजच्या नागरिकत्वाच्या वादाशी विलक्षण जुळते. कंपनीची जहाजे अडवू नयेत, हे कान्होजींनी एकदा मान्य केले होते. परंतु मुंबईतील एतद्देशीय सावकार आपल्या मालावर इंग्रजांचा पास आणि निशाण लावून दस्तकाची फी चुकवू लागले, तेव्हा प्रश्न असा उत्पन्न झाला की, कंपनीचा कागद बाळगणारे तारू तेवढ्यामुळे कंपनीचे होते काय. कान्होजींचे म्हणणे असे की, जहाज कोणाचे हे मालकीवरून ठरते. इंग्रजांचे म्हणणे असे की, ते निशाणावरून ठरते. या मुद्द्यावरून मुंबईचा गव्हर्नर बून याच्या कारकिर्दीत विजयदुर्गावर व खांदेरीवर स्वाऱ्या झाल्या आणि १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांनी एकत्र येऊन कुलाब्यावर चालून जाण्याचा प्रयत्न केला, तो फसला. कान्होजी १७२९ मध्ये निवर्तले, १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला, आणि किनाऱ्यावरचे परवान्यांचे राजकारण हळूहळू इंग्रजांच्या एकछत्री अंमलात विरून गेले. परंतु निशाण खरे की माणूस खरा, हा प्रश्न सुटला नाही, तो जहाजावरून उतरून माणसाच्या अंगाला चिकटला.

युरोपात तोवर माणूस ज्या राजाच्या भूमीत जन्मला त्या राजाचा तो आमरण प्रजाजन, असा सिद्धांत रूढ होता. मुंबई बेट पोर्तुगालच्या राजकन्येच्या विवाहसंबंधात इंग्लंडकडे आले आणि १६६८ च्या सनदेने ते कंपनीला देण्यात आले, तेव्हा त्या सनदेतच मुंबईत जन्मणारे लोक इंग्लंडात जन्मलेल्यांप्रमाणे राजाचे नैसर्गिक प्रजाजन समजावेत, असे कलम घातले होते. माहीमच्या खाडीपलीकडे वांद्र्याला मात्र १७३९ पर्यंत फिरंग्यांचाच अंमल राहिला. एकाच गोतातली माणसे, एकाच प्रार्थनामंदिरात वाढलेली, खाडीच्या अलीकडे एका राजाची आणि पलीकडे दुसऱ्या राजाची झाली. निष्ठा बदलता येत नाही हा सिद्धांत पुढे अमेरिकेत स्थायिक होणाऱ्या लक्षावधी युरोपीय लोकांनी अव्यवहार्य ठरविला. लंडनमधील अमेरिकेचा वकील जॉर्ज बँक्रॉफ्ट याने १८४९ मध्ये पामर्स्टनला लिहिताना दोन देश असलेल्या माणसाची तुलना दोन बायका असलेल्या माणसाशी केली, आणि ही उपमा नंतर शंभर वर्षे कायदेपंडितांच्या मनावर अधिराज्य गाजवीत राहिली. इंग्लंडने १८७० मध्ये कायदा करून आपल्या प्रजाजनाला परदेशी नागरिकत्व घेऊन मूळ निष्ठेतून मुक्त होण्याची वाट करून दिली. म्हणजे देश बदलता येईल, पण दोन ठेवता येणार नाहीत, हा नवा दंडक आला.

तथापि प्रत्यक्षात गोमंतकीय मनुष्य एकोणिसाव्या शतकात दोन राज्यांच्या छायेत फारशा अडचणीवाचून जगत होता. घर गोव्यात, म्हणून तो पोर्तुगालचा प्रजाजन. पोट मुंबईत, म्हणून इंग्रजांच्या अमलाखाली. धोबीतलाव, माझगाव, गिरगाव या भागांत गावागावाच्या नावाने ‘कूड’ म्हणजे सामायिक बिऱ्हाडे उभी राहिली आणि त्यांच्या आश्रयाने आचारी, वादक, शिंपी, खलाशी यांच्या पिढ्या मुंबईत नांदल्या. इंग्रजी आगबोटींवर गोमंतकीय खलाशी व खानसामे यांना मोठी मागणी होती. पोर्तुगीज प्रजाजन इंग्रजी निशाणाच्या जहाजावर चढून जगभर फिरे आणि रजेवर आला की वेंगुर्ल्याच्या अथवा बेळगावच्या वाटेने आपल्या गावी जाई. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने जकातीच्या चौक्या काही काळ उठल्या आणि मुरगावचा लोहमार्ग बांधण्याची योजना निघाली. त्या काळातील सीमा कडक नव्हती, असे नव्हे. परंतु सीमा ओलांडणाऱ्याला ‘तू नक्की कोणाचा?’ असा प्रश्न कोणी दरडावून विचारीत नसे.

तो प्रश्न पहिल्या महायुद्धाने विचारावयास शिकविले. युद्धकाळात हेरांच्या भीतीने प्रत्येक राष्ट्राने पासपोर्टची सक्ती केली आणि युद्ध संपल्यावर ती उठविण्याऐवजी कायम केली. १९२० मध्ये पॅरिस येथे राष्ट्रसंघाच्या विद्यमाने भरलेल्या परिषदेने बत्तीस पानांच्या पुस्तिकेचा नमुना ठरवून दिला, आणि त्याच वर्षी हिंदुस्थानात पासपोर्टचा कायदा झाला. पुढे १९३० च्या एप्रिलात हेग येथे राष्ट्रीयत्वाविषयीचा जो करार झाला, त्यात दोन देशांचे राष्ट्रीयत्व असलेल्या माणसाची स्थिती प्रथमच स्पष्ट शब्दांत मांडली गेली. दोन्ही देश त्याला आपापला नागरिक समजू शकतात. एका देशाच्या विरुद्ध दुसरा देश त्याला संरक्षण देऊ शकत नाही. आणि तिसऱ्या देशाने त्याला एकाच राष्ट्राचा मानावे, तो बहुधा जेथे राहतो अथवा ज्याच्याशी त्याचे संबंध अधिक निकट आहेत त्या राष्ट्राचा. दोन पासपोर्ट घेऊन फिरणाऱ्या माणसाने यातील दुसरी गोष्ट अवश्य स्मरणात ठेवावे. कारण ज्या देशाचा तो नागरिक आहे त्याच देशात तो संकटात सापडला, तर दुसऱ्या देशाचा वकील त्याच्या सुटकेसाठी बोलू शकेलच, असा भरवसा त्याला देता येत नाही.

भारत स्वतंत्र झाला तो रक्तपाताच्या व स्थलांतराच्या वावटळीत, आणि आपल्या नागरिकत्वाच्या कल्पनेवर त्या वावटळीची छाप कायमची बसली. संविधानाच्या नवव्या अनुच्छेदाने स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतलेल्याला भारताचे नागरिकत्व नाकारले. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाने तोच नियम पुढे चालविला. आणि १९५६ च्या नियमांनी याहून एक पाऊल पुढे टाकून असे ठरविले की, एखाद्याने अमुक तारखेला परदेशाचा पासपोर्ट मिळविला, ही गोष्टच त्याने त्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्याचा निर्णायक पुरावा समजावी. फाळणीनंतर आप्तांना भेटावयास कराचीस अथवा लाहोरास गेलेली आणि परतीची दुसरी वाट न उरल्यामुळे पाकिस्तानी पासपोर्ट घेऊन परत आलेली कित्येक माणसे या नियमाच्या कचाट्यात सापडली. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने हा नियम वैध ठरविला. नव्या राष्ट्राला आपल्या सीमा रेखाटण्याची घाई असते, हे मी जाणतो, आणि त्या काळच्या राज्यकर्त्यांच्या चिंतेविषयी माझ्या मनात आदर आहे. परंतु ज्या कागदाचा जन्म वाट मोकळी करण्यासाठी झाला, त्याच कागदाने माणसाच्या अंतःकरणाचा निर्णायक पुरावा व्हावे, ही गोष्ट मला आजही असह्य वाटते. पुढे १९६७ च्या पासपोर्ट कायद्याने पुस्तिकेची मालकीही केंद्र सरकारकडे ठेवली, म्हणजे जो कागद आपल्याविषयी साक्ष देतो तो आपला नसतोच.

गोव्याचा मामला तर याहून गुंतागुंतीचा. १९५४-५५ च्या सत्याग्रहाच्या काळात उभय बाजूंनी सीमा आवळल्या गेल्या, रेल्वे बंद पडली, आणि मुंबईहून गावच्या फेस्ताला अथवा जत्रेला जाणे हे परदेशगमनाहूनही कठीण झाले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. २८ मार्च १९६२ च्या आदेशाने, त्या प्रदेशात २० डिसेंबर १९६१ पूर्वी जो जन्मला अथवा ज्याचे आई-बाप वा आजी-आजोबा तेथे जन्मले, त्या प्रत्येकाला त्या दिवसापासून भारताचा नागरिक मानण्यात आले. ज्याला पूर्वीचेच नागरिकत्व राखावयाचे असेल त्याने एका महिन्याच्या आत तसे लेखी कळवावे, एवढीच सवलत होती. साडेचारशे वर्षांच्या संबंधाचा निकाल लावण्यास एक महिना मिळाला. बहुसंख्य गोमंतकीयांना त्या महिन्याची गरजच नव्हती, कारण ते मनाने भारताचेच होते, आणि त्यांच्यातील कित्येकांनी त्यासाठी तुरुंगवास भोगला होता. परंतु ज्या थोड्यांनी पोर्तुगीज राष्ट्रीयत्व राखण्याचे कळविले, ते स्वतःच्या जन्मगावी एका रात्रीत परकीय ठरले. अशाच एका धर्मगुरूवर, निवासाच्या परवान्याची मुदत नोव्हेंबर १९६४ मध्ये संपल्यावरही त्याने ती वाढवून घेतली नाही म्हणून खटला झाला. गोवा हा व्यापलेला प्रदेश असून जिनिव्हाच्या करारांचे संरक्षण आपल्याला आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये तो फेटाळला. कायद्याच्या दृष्टीने निकाल निर्विवाद योग्य होता, कारण व्यापलेला प्रदेश राष्ट्रात विलीन झाल्यावर त्याला व्यापलेला म्हणता येत नाही; तरी त्या खटल्याचे कागद वाचताना मनाला चुटपूट लागल्याशिवाय राहत नाही.

या काळातील सर्वांत विलक्षण अवस्था झाली ती पूर्व आफ्रिकेतील गोमंतकीयांची. नैरोबी, झांझिबार, कंपाला येथील इंग्रजी कचेऱ्यांत कारकुनी करणारे हे लोक जन्माने गोव्याचे, राष्ट्रीयत्वाने पोर्तुगीज, चाकरीने इंग्रज सरकारचे आणि संसाराने आफ्रिकेचे होते. १९६२ च्या आदेशाने ते भारताचे नागरिक मानले गेले. लिस्बनच्या लेखी ते पोर्तुगीजच राहिले. १२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला आणि त्यानेही दुहेरी नागरिकत्व नाकारून निवड करण्यास दोन वर्षांची मुदत दिली. जेवणाच्या एका पंक्तीला बसलेल्या सख्ख्या भावांचे पासपोर्ट तीन रंगांचे असणे तेथे अशक्य नव्हते. केनियाने आपल्या २०१० च्या संविधानात दुहेरी नागरिकत्वाला मान्यता दिली, परंतु तोपर्यंत त्या पिढीतील बहुतेक कुटुंबे लंडन, टोरांटो, लिस्बन अशा दिशांना पांगून गेली होती.

लिस्बनमध्ये एप्रिल १९७४ ला हुकूमशाही कोसळली आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला नवी दिल्लीत, यशवंतराव चव्हाण परराष्ट्रमंत्री असताना, पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व तहाने मान्य केले. भूमीचा वाद मिटला. माणसांचा मात्र मिटला नाही. कारण पोर्तुगालने आफ्रिकेतील वसाहतींना स्वातंत्र्य देताना तेथील बहुसंख्य लोकांचे राष्ट्रीयत्व काढून घेतले, तरी पूर्वीच्या ‘भारत राज्यात’, म्हणजे गोव्यासह आपल्या भारतीय वसाहतींत, जन्मलेल्यांसाठी एक दार उघडे ठेवले. मुक्तीपूर्वी तेथे जन्मलेला मनुष्य आपली जन्मनोंद लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कचेरीत नेऊन दाखल करू शकतो, आणि त्याच्या मागोमाग त्याची मुले. १९८६ मध्ये पोर्तुगाल युरोपीय समुदायात सामील झाला, तेव्हापासून हे दार केवळ लिस्बनचे राहिले नाही. ते साऱ्या पश्चिम युरोपचे झाले.

मग पणजी, मडगाव, म्हापसा येथील दप्तरखान्यांतून जुन्या जन्मवह्या बाहेर निघू लागल्या. १९१० च्या प्रजासत्ताकानंतर पोर्तुगीज अमलात नागरी नोंदणीचा पाया विस्तारला होता आणि हिंदू प्रजेलाही समान हक्क मिळाले होते. त्या वह्यांचे असे दुसरे आयुष्य सुरू होईल, हे त्या काळच्या नोंदणी कारकुनाच्या स्वप्नातही आले नसेल. प्रमाणित नकला, त्यांची भाषांतरे, आई-बापांच्या विवाहाची नोंद, आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे नावे. कामतांचे ‘कामोतिं’, प्रभूंचे ‘पोरोबो’, शेटचे ‘शेत’ अशी पोर्तुगीज वळणाची लेखने त्या वह्यांत आहेत, तर भारतीय कागदांत तीच नावे इंग्रजी वळणाने लिहिलेली. दोन्ही एकाच माणसाची आहेत हे सिद्ध करण्यासाठी प्रतिज्ञापत्रांची रास रचावी लागते. एवढे करून मिळालेल्या पासपोर्टवर हजारो गोमंतकीय इंग्लंडात गेले, आणि स्विंडनसारख्या गावात त्यांची मोठी वस्ती झाली. इंग्लंड २०२० मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडले, तेव्हा या लोकांच्या पुढे पुन्हा एकदा निवासाच्या हक्काचे अर्ज आले.

यांपैकी कोणीही हातात दोन पासपोर्ट घेऊन दाबोळीच्या विमानतळावर उतरू शकत नाही. पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला की भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, मतदारयादीतून नाव जाते, पंचायतीची निवडणूक लढविता येत नाही. येथे कायद्याचा एक सूक्ष्म प्रश्न आहे, आणि तो मला मूलगामी वाटतो. नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमात स्वेच्छेने मिळविलेल्या नागरिकत्वाचा उल्लेख आहे. परंतु १९६१ पूर्वी जन्मलेल्या गोमंतकीयाचे म्हणणे असे की, मी काही नवे मिळविलेले नाही, जन्मतः जे होते त्याची केवळ नोंद केली. केवळ जन्मनोंद करणे, ओळखपत्र घेणे आणि पासपोर्ट घेणे या तीन पायऱ्यांपैकी नेमक्या कोणत्या पायरीवर भारताचे नागरिकत्व संपते, यावर कचेऱ्यांतून व न्यायालयांतून वर्षानुवर्षे वाद चालले आहेत. संसदेने ती पायरी निःसंदिग्ध शब्दांत सांगावी, असे माझे मत आहे. एका नक्कलेच्या अर्जाने आपण स्वदेशात परके झालो की काय, या भीतीत एखाद्या वृद्धाने दिवस कंठावे, हे कोणत्याही प्रजासत्ताकाला शोभत नाही.

गोव्याशिवाय मराठी समाजाच्या आणखी एका शाखेने हा अनुभव घेतला आहे. अलिबाग, पेण, पनवेल या भागांत शतकानुशतके तेल गाळणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्रायल ज्यूंना इस्रायलच्या १९५० च्या कायद्याने तेथे जाऊन स्थायिक होण्याचा आणि १९५२ च्या कायद्याने नागरिकत्वाचा हक्क दिला. इस्रायलला दुहेरी नागरिकत्वाचे वावडे नाही, भारताला आहे. त्यामुळे तेथे गेलेल्यांना कोकणातील आपल्या थडग्यांच्या व प्रार्थनामंदिरांच्या दर्शनाला परदेशी प्रवासी म्हणूनच यावे लागले, आणि तरीही त्यांनी इस्रायलातून ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालविले.

परदेशस्थ भारतीयांची मागणी अखेर दिल्लीपर्यंत पोहोचली. १९९९ मध्ये भारतीय वंशाच्या व्यक्तींसाठी कार्ड निघाले. लक्ष्मीमल सिंघवी यांच्या समितीने २००२ च्या आरंभी दिलेल्या अहवालात दुहेरी नागरिकत्वाची शिफारस केली. आणि त्यातून २००५ च्या डिसेंबरात ओसीआयची (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) योजना अवतरली. तिच्या नावात नागरिकत्वाचा शब्द आहे, तिच्या देहात मात्र नागरिकत्व नाही. आजन्म येण्याजाण्याची मुभा, राहण्याची व बहुतेक आर्थिक व्यवहारांची मोकळीक तिने दिली. मत, लोकप्रतिनिधित्व आणि घटनात्मक पदे दिली नाहीत. परदेशी पासपोर्ट आणि त्यासोबत ही निळसर पुस्तिका असे दोन कागद घेऊन आजचा परदेशस्थ मराठी मनुष्य मुंबईला उतरतो. दोन देशांचे नागरिकत्व जन्मतःच घेऊन आलेल्या मुलासाठी कायद्याने वेगळी मुदत ठेवली आहे: सज्ञान झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत त्याने दुसरे नागरिकत्व सोडले नाही, तर भारताचे आपोआप जाते.

गोमंतकीयांना तर ओसीआयसाठीही झगडावे लागले. भारतीय पासपोर्ट स्वतः परत करण्यापूर्वीच तो सरकारने रद्द केला असेल, तर परत केल्याचा दाखला मिळत नसे, आणि त्या दाखल्यावाचून ओसीआयचा अर्ज पुढे सरकत नसे; रद्द केल्याचा दाखलाही चालेल, अशी वाट केंद्र सरकारने २०२४ मध्ये करून दिली. ज्यांना ते कार्ड मिळाले त्यांना बापाची शेतजमीन वारशाने घेता येते, विकत घेता येत नाही. आणि ज्या गावच्या जन्मवहीतील नोंदीने त्यांना पोर्तुगालचे नागरिकत्व दिले, त्याच गावच्या ग्रामसभेत मत देण्याचा अधिकार त्यांना उरत नाही.